आधी कान, मग जीभ

फ्रेंचमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठीचे दोन शब्द देवनागरीत लिहिले, तर दोन्ही ‘दसू’च होतात. फरक शेवटच्या स्वराचा. ‘वर’मधला स्वर मराठीत नाहीच, जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठांचा चंबू केला की तो निघतो. मात्र अनेक वर्गांत ‘माझ्यामागे म्हणा’ एवढ्यावरच भागवले जाते. ज्याला फरक ऐकूच येत नाही, तो म्हणणार काय? पॅट्रिशिया कूल यांच्या १९९२च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या अमेरिकी व स्वीडिश बाळांचे कानही आपापल्या भाषेतल्या स्वरांना सरावलेले आढळले. (त्यातला स्वीडिश स्वर याच जातीचा!) म्हणून प्रौढांना सुरुवातीचे काही आठवडे अशा जोड्या नुसत्या ऐकून ओळखायला द्याव्यात, क्रियापदांची रूपे थांबू शकतात. आणि शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहून घेणे तर नकोच.