क्लिअर फोटो कशाला हवाय?

ऊसतोड सुरू झाली की कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यातून एक बातमी ठरलेली असते: उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली. टोळ्या पहाटेच फडात उतरतात. त्यामुळे उजाडायच्या आत गावभर बोभाटा होतो आणि वनखात्याची गाडी पोचेपर्यंत पंधरा-वीस मोबाइल पिल्लांच्या तोंडासमोर धरलेले असतात. सगळ्यांचे टॉर्च चालू. कुणीतरी गाडीचा हेडलाइटच फडाकडे वळवलेला. का, तर फोटो काळा येतोय!

मंडळी, या काळ्या फोटोबद्दलच बोलायचंय.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमारास. बिबट्या, गवा, सांबर यांची लगबग असते ती त्याआधी. चांदोली-कोयनेच्या खोऱ्यात तर डोंगराआडून ऊन खाली उतरायला आणखी वेळ लागतो. म्हणजे जनावर असतं तेव्हा उजेड नसतो, आणि उजेड येतो तेव्हा जनावर गेलेलं असतं. जाणते फोटोग्राफर यावर काय करतात? आयएसओ 3200, वेळ पडली तर 6400 वर नेतात, लेन्स पूर्ण उघडतात, गाडीच्या खिडकीवर धान्य भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवतात. इंजिन बंद करून जनावर थबकेपर्यंत थांबतात. थबकलेलं जनावर 1/60 सेकंदालाही बऱ्यापैकी येतं. फोटोत दाणे दिसतात. दिसू देत की. पहाटेचा फोटो दुपारसारखा कसा दिसेल?

मोबाइलवाल्यांची अडचण वेगळी. नाइट मोड उजेड गोळा करायला वेळ घेतो, तेवढ्यात जनावर हललं की फोटोत नुसता धूर. मग माणूस टॉर्च लावतो. तरी जमलं नाही की चार पावलं पुढे जातो.

बिबट्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, अंधारात दिसावं म्हणून. टॉर्च मारल्यावर डोळे चमकतात ते त्यामुळंच. आपल्याला ते भारी वाटतं, पण समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. दिपलेलं, घेरलेलं जनावर कुठल्या बाजूला उडी घेईल याचा नेम नाही. फोटो काढणारा गाडीवर बसून निघून जातो. फडात उभी राहते ती कोयता घेतलेली बाई.

पिल्लांचं तर आणखी वाईट. वनखातं ती तपासून सापडली त्याच जागेवर ठेवतं आणि अंधार पडल्यावर आई येऊन घेऊन जाईल याची वाट बघतं. गावाचं नाव, शिवाराचं नाव टाकून पोस्ट फिरली की संध्याकाळी बांधावर जत्रा. आई लांबून बघते आणि माघारी फिरते. पिल्लं गेलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते, याचा त्रास मग गावालाच.

9 डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडला गवा आला, गर्दीपुढं पळून पळून दमला आणि पकडल्यावर मेला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला, तिथंही बघ्यांचे हात वर आणि हातात मोबाइल. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. फोटोसाठी जनावर हुसकावणाऱ्यांनी एकदा वाचावा.

कुणी म्हणेल, काही कॅमेरा ट्रॅपलाही फ्लॅश असतोच की. असतो. पण तो झाडाला बांधलेला असतो, जनावरामागं धावत नाही.

खरा रोग आमच्या धंद्यात आहे. बातमीदाराने धूसर फोटो पाठवला की डेस्कवरून विचारणा होते, ‘क्लिअर नाही का?’ पोर्टलला तर डोळे चमकणारा बिबट्याच हवा. सातारा-सांगलीच्या दैनिकांनी आणि पेजवाल्यांनी या हंगामापुरतं एवढं ठरवावं: टॉर्च-फ्लॅश मारून काढलेला जनावराचा फोटो घ्यायचा नाही, पिल्लांच्या बातमीत फक्त तालुका टाकायचा, शिवार नाही. फोटो छापून येणार नाही हे कळलं की निम्मे टॉर्च आपोआप बंद होतील. फडात काही दिसलं तर वनखात्याचा नंबर 1926. आधी तो फिरवा, ग्रुपवर टाकायचं नंतर बघू.