उतार, न्यूट्रल आणि नवले पूल

साताऱ्याकडून येणारी वाहने कात्रजचा नवा बोगदा ओलांडून पुण्यात शिरतात. तिथून दरीपूल, आंबेगाव, स्वामीनारायण मंदिर, नऱ्हे असे करत वडगावच्या नवले पुलापर्यंत महामार्ग उतरतच राहतो. हा उतार घाटासारखा दिसत नाही. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असा देखावा नाही, नागमोडी वळणेही नाहीत. रस्ता रुंद, गुळगुळीत आणि बराचसा सरळ आहे. बोगद्याअलीकडे घाट चढून आलेल्या चालकाला आता घाट संपला असे वाटते, आणि नेमका तिथेच लांब उतार सुरू होतो.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री या उतारावर सुटलेल्या एका मालवाहू गाडीने नवले पुलाजवळ एकामागून एक कितीतरी वाहने उडवली. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. त्यानंतर रम्बलर बसले, फलक लागले, जड वाहनांची वेगमर्यादा ताशी 40 किलोमीटरवर आली. तरीही 13 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच भागात एका कंटेनरने समोरच्या वाहनांना धडक दिली, दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक मोटार चिरडली, आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. कारण म्हणून पुन्हा तेच दोन शब्द ऐकू आले: ब्रेक फेल.

हे कारण खोटे नसते, पण ते अर्धवट असते. माल भरलेला 40 टनांचा ट्रक 200 मीटर उंचीवरून खाली येतो असे धरले, तर या उतरणीत सुटणारी ऊर्जा सुमारे दोन लिटर डिझेल जळून मिळणाऱ्या उष्णतेइतकी असते. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की तिचा मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक पेलतात. गाडी न्यूट्रलमध्ये असली, तर सारा भार चाकांच्या ड्रमवर आणि लायनरवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटू लागते आणि पायाखालचे पेडल तेवढेच दाबूनही गाडी थांबेनाशी होते. घाबरलेला चालक पेडल पुन्हा पुन्हा दाबतो. एअर ब्रेकच्या गाडीत प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा खर्च होते. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे गेलेली हवा भरून येत नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होते. ब्रेक ‘फेल’ होतो तो क्षण पुलाजवळचा असतो, पण त्याची तयारी काही किलोमीटर मागे, न्यूट्रलचा दांडा पडला तेव्हाच झालेली असते.

यात विचित्र भाग असा की न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतेच असे नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर सिलिंडरला डिझेल जाणे थांबते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केले की इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावे लागते आणि थोडे का होईना, डिझेल जळते. जुन्या गाड्यांच्या काळात क्लीनरचा चालक झालेल्या माणसाने उस्तादाकडून घेतलेली ही सवय आहे. मालकाने फेरीला मोजून डिझेल दिले आणि उरलेले ज्याचे त्याचे, असा व्यवहार असला की ती आणखी घट्ट होते. चालकाला बेजबाबदार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या फेरीचा हिशोब कोण मांडतो, हे फारसे विचारले जात नाही.

उतारावरून आलेली गाडी ज्या गर्दीत घुसते, ती गर्दी हा अपघाताचा दुसरा भाग. देहूरोड-कात्रज बाह्यवळण शहराबाहेरून वाहतूक नेण्यासाठी आखले गेले. पुढे शहरच त्याच्या दोन्ही अंगांना वाढले. नऱ्हे, आंबेगाव, वडगाव या गावांत महाविद्यालये, गृहसंकुले, गोदामे उभी राहिली. आता तिथे लांब पल्ल्याचा कंटेनर आणि शेजारच्या सोसायटीतून दूध आणायला निघालेली स्कूटर एकाच डांबरावर येतात. सेवा रस्ता जिथे तुटतो तिथे स्थानिक वाहनांना मुख्य मार्गिकेत शिरावे लागते. ‘यू टर्न’ लांब असला की दुचाकीस्वार सरळ उलट्या दिशेने येतात. वाहनांच्या वेगापेक्षाही त्यांच्या वेगांतला फरक घातक असतो: सगळे ताशी 60 ने चालले तर धोका मर्यादित राहतो, पण 60 च्या ओघात 20 ने शिरणारी दुचाकी मागच्याला विचार करायला वेळ देत नाही.

वेगाचे गणित मुळातच कठोर आहे. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ताशी 50 ने चाललेली मोटार ब्रेक लागल्यापासून साधारण 14 मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट, म्हणजे 56 मीटरच्या आसपास जाते. शिवाय धोका दिसण्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर 100 च्या वेगात आणखी 28 मीटर निघून जातात. पावसात, झिजलेल्या टायरवर किंवा मोबाइलकडे नजर असताना हे आकडे कितीतरी वाढतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात देशात 4,61,312 अपघात आणि 1,68,491 मृत्यू नोंदले आहेत. त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक अपघात ‘अतिवेग’ या रकान्यात आहेत, आणि सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत. दुसरा आकडा पहिल्याइतकाच बोलका आहे. वळणावर माणूस सावध असतो. सरळ रस्ता त्याला सैल करतो. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर याच गोष्टीची चर्चा वारंवार झाली. मैलोन्‌मैल न बदलणारा रस्ता, तापलेले काँक्रीट, कमी हवेचे टायर आणि पहाटेची झोप यांचा मेळ तिथे सहज बसतो. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी दगावले.

‘अतिवेग’ हा रकाना सोयीचाही आहे. तो भरला की रस्त्याची रचना तपासायची गरज उरत नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झाला. वेग होता, मागच्या आसनांवर पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे पट्ट्यांमुळे वाचले, मागचे दोघे गेले. पण तीन मार्गिकांचा रस्ता त्या पुलावर दोन मार्गिकांचा होतो, ही गोष्टही तेव्हाच समोर आली. चालकाची चूक आणि रस्त्याची चूक एकाच जागी भेटतात तेव्हा अपघात होतो, आणि पंचनाम्यात बहुधा पहिलीच उतरते.

धोक्याची ठिकाणे ठरवण्याचा सरकारी निकष स्पष्ट आहे. राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’. म्हणजे यादीत नाव यायला माणसे आधी जावी लागतात. जिथे रोज थोडक्यात अपघात टळतात, अशी जागा या मोजणीत बसत नाही. गावातल्या पानवाल्याला ती माहीत असते, कार्यालयातल्या नकाशाला नसते.

घाटरस्त्यांवर उपाय नवे शोधायचे नाहीत. भोर घाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. तिथली चढण 37 मध्ये 1 इतकी तीव्र. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला अडवून घेण्यासाठी तिथे ‘कॅच सायडिंग’ ठेवलेले आहेत: मुख्य मार्गावरून फुटून चढावर जाणारा रूळ, ज्यावर सुटलेली गाडी आपल्याच वजनाने थांबते. ब्रेक कधीतरी निकामी होणारच, हे रेल्वेने गृहीत धरले. डोंगराळ महामार्गांवर हेच तत्त्व ट्रकसाठी वापरतात. रस्त्याच्या कडेला सुट्या खडीने भरलेला चढ असतो, आणि त्यात चाके रुतून ट्रक थांबतो. कात्रजच्या उतारावर त्याआधी बोगद्याच्या तोंडाशी ट्रक थांबवून ब्रेक व गिअर तपासायची सक्तीची जागा लागते. उतार संपेपर्यंत गिअर बदलू नये असा फलक चालकाच्या भाषेत, म्हणजे हिंदी आणि कानडीतही हवा, कारण या मार्गावरचे कितीतरी ट्रक परराज्यातले असतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 पासून राबवलेल्या ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ उपक्रमात अशाच बारीक गोष्टींवर भर होता. काँक्रीटचे उघडे खांब झाकणे, कठड्यांची टोके सुरक्षित करणे, कडेला उभे राहिलेले बंद ट्रक हटवणे आणि रुग्णवाहिका लवकर पोचवणे ही त्यातली कामे. त्या मार्गावरचे मृत्यू पुढच्या वर्षांत लक्षणीय घटले. कामे दिखाऊ नव्हती, आणि त्यांतली बहुतेक नव्या बांधकामाइतकी महागही नव्हती.

जबाबदारीच्या बाजूने कायद्यात एक तरतूद आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 198अ घातले गेले. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गमावलेल्या जिवाच्या तुलनेत ही रक्कम हास्यास्पद आहे. तरी ते कलम लावायचे, तर उतार किती, सेवा रस्ता कुठे तुटला, फलक किती आधी होता, या नोंदी अपघाताच्या दिवशीच घ्याव्या लागतात. ई-डार या संगणकीय नोंदप्रणालीमुळे पोलिस, रस्ते विभाग आणि आरोग्य विभाग यांना एकाच अपघाताची माहिती एका ठिकाणी भरता येते. या नोंदीत ‘ब्रेक फेल’ असे लिहिल्यानंतर गाडी त्या वेळी कोणत्या गिअरमध्ये होती, हेही लिहिता येईल.