मांजर ओकते की खोकते?

बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाचे पाचट पेटले की धूर घरात शिरतो. मग मांजर अंग चोरून, मान पुढे ताणून खाकरते, थोडा फेस टाकते. ‘पोटात केस अडकले’ म्हणून आपण सोडून देतो. पण ओकताना पोट जोराने आत-बाहेर होते आणि अन्न किंवा केसांचा गोळा पडतो. वारंवार खाकरूनही काही पडत नसेल, तर दमा किंवा फुप्फुसातले जंत असू शकतात. धुराने दमा बळावतो. अशा वेळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पशुवैद्याला आपल्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

आणखी एक कारण आता नजरेआड करून चालणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा ‘एच५एन१’ विषाणू निष्पन्न झाला. वाघ काय, मांजर काय, कूळ एकच. त्यामुळे मेलेली कोंबडी किंवा कच्चे मांस मांजरापुढे टाकण्याची सवय घातक आहे. तसे खाल्ल्यावर ताप, धाप किंवा तोल जाणे दिसले, तर उघड्या हाताने हाताळू नका आणि डॉक्टरांना ते आधीच सांगा. घरातले पॅरासिटामॉल मात्र मुळीच देऊ नका. एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.