हायस्कुलाची पायरी : दया नको, सोय पाहिजे

शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या, लोहाराच्या घरचें पोर गांवच्या मराठी शाळेंत चांगलें शिकूं शकतें, याविषयीं आतां कोणी उघडपणें शंका घेत नाहीं. अडचण तेथें राहिलेली नाहीं. ती पुढें सरकली आहे. गांवची शाळा संपली, कीं पुढची शाळा बाजाराच्या गांवीं किंवा तालुक्याला असते, आणि त्या शाळेची पायरी चढतांना आमच्या मुलांचे पाय अजून लटपटतात. आम्ही खेड्यांतील मराठी शाळेचे मास्तर आहोंत. ट्रेनिंग कॉलेजांतलें आमचें शिक्षणहि मराठींतच झालें. आमच्या वर्गांतून बाहेर पडलेलीं मुलें पुढें कोठें गेलीं, हें आम्ही दर जूनमध्यें पाहतों. कांहीं हायस्कुलांत जातात, कांहीं वीटभट्टीवर, कांहीं ऊसतोडीच्या टोळीबरोबर, आणि कांहीं मुली चुलीपुढें. हीं मुलें बुद्धीनें कमी होतीं काय? मुळींच नाहीं. मग तीं गळतात कां? या प्रश्नाचें उत्तर जुन्या हायस्कुलांच्या हकीकतींत आहे, म्हणून ती आज वाचकांपुढें ठेवतों.

इंग्रजी अमदानींत मराठी चार इयत्ता झाल्या, कीं पुढें शिकणाऱ्यानें इंग्रजी शाळेंत जावयाचें, तेथें सात इयत्ता काढावयाच्या आणि शेवटीं म्याट्रिकची परीक्षा द्यावयाची, असा क्रम होता. हायस्कूल असे जिल्ह्याच्या ठिकाणीं, फार तर एखाद्या मोठ्या गांवीं. म्हणजे खेड्यांतल्या दहा-बारा वर्षांच्या पोरानें आईबापांना सोडून परगांवीं राहिलें पाहिजे. फी तर होतीच. पण फीपेक्षां मोठा प्रश्न दुसराच होता. पोर जेवणार कोठें आणि निजणार कोठें?

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. गरीब ब्राह्मणाचा मुलगाहि परगांवीं शिकावयास जाई, आणि त्याच्याहि खिशांत दमडी नसे. पण तो उपाशी मरत नसे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं असे वार लावून तो जेवत असे, किंवा माधुकरी मागून पोट भरत असे. त्याचा आम्हांस हेवा नाहीं. उलट गरीब पोराला शिकतें ठेवण्याची ही युक्ति चांगलीच होती. पण त्याच शहरीं कुणब्याचा पोर आला तर त्याला वार कोण देणार? महाराच्या, मांगाच्या पोराला तर ओसरीवरहि जागा नव्हती. गरिबी दोघांचीहि होती. परंतु एकाच्या पाठीशीं सोय होती आणि दुसऱ्याच्या पाठीशीं नव्हती. पुढें लोक म्हणूं लागले, कीं अमक्या जातीच्या डोक्यांत विद्या उतरते आणि तमक्या जातीच्या उतरत नाहीं! वाचक हो, डोक्याचा येथें संबंध काय? जेथें भाकरी होती तेथें विद्या गेली, इतकीच ती गोष्ट.

आतां साताऱ्याकडे वळूं. या एका शहरांत दोन हायस्कुलें आहेत. त्यांच्या या हकीकतींमध्यें अंतर चाळीस वर्षांचें, पण फरक जमीन-अस्मानाचा.

पहिली शाळा साताऱ्याचें सरकारी हायस्कूल, ज्यास पुढें प्रतापसिंह हायस्कूल हें नांव मिळालें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं या शाळेच्या इंग्रजी पहिलींत एका निवृत्त सुभेदाराच्या मुलाचें नांव दाखल झालें. हाच मुलगा पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचें ठरविलें, तें योग्यच झालें. पण नुसता दिवस पाळून भागत नाहीं. त्या वर्गांत काय चालत असे, तेंहि मुलांना सांगितलें पाहिजे. साताऱ्याच्या शाळेच्या दिवसांविषयीं बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. वर्गांत आपल्या क्रमांकाप्रमाणें बसण्याची त्यांस मुभा नव्हती. कोपऱ्यांत वेगळें बसावयाचें, तेंहि घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा गडी त्या तरटाला शिवत नसे. म्हणून संध्याकाळीं तें घरीं न्यावयाचें आणि सकाळीं परत आणावयाचें. तहान लागली, तर इतर मुलें मास्तरांस विचारून नळावर जात व पाणी पीत. या मुलानें नळाला हात लावावयाचा नाहीं. शिपायानें नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला, कीं पाणीहि नाहीं!

म्हणजे शाळेचें दार उघडें होतें, पटावर नांव होतें, आणि तरीहि शाळा त्या मुलाची नव्हती. सरकारी कागदावर तो विद्यार्थी होता. वर्गांत तो तरटावरचा पाहुणा होता.

याच शाळेंत एक ब्राह्मण शिक्षक होते. त्यांचें आडनांव आंबेडकर. मधल्या सुटींत ते आपल्या भाजी-भाकरींतला वाटा या मुलाला देत, आणि त्यांनींच आपलें आडनांव त्याला दिलें, असें बाबासाहेबांनीं मोठेपणीं कृतज्ञतेनें सांगितलें आहे. त्या मास्तरांस आम्ही मनापासून नमस्कार करतों. ज्या काळांत सावलीचाहि विटाळ मानीत, त्या काळांत विद्यार्थ्याची भूक ज्याला दिसली तोच खरा शिक्षक. चांगल्याला चांगलें म्हणण्यांत आम्ही कधीं कुचराई करणार नाहीं.

पण म्हणून विचार करावयाचा सोडतां येत नाहीं. त्या मास्तरांची बदली झाली असती तर? ते आजारी पडले असते तर? त्याच शाळेंत तसेंच दुसरें उपाशी पोर असतें, आणि तें मास्तरांच्या नजरेस पडलें नसतें तर? दया ही माणसाच्या मनांत असते, आणि माणूस आज आहे, उद्यां नाहीं. मुलाचें सबंध आयुष्य एका माणसाच्या मनाला टांगून ठेवणें, याला शिक्षणाची व्यवस्था म्हणत नाहींत. हा नशिबाचा खेळ झाला. बुडत्याला काडीचा आधार मिळाला, तर आपण काडीची स्तुति करूं. पण नदीवर पूल नको काय?

पूल बांधण्याचें काम कोल्हापुरास सुरू झालें. शाहू छत्रपतींनीं बरोबर दुखण्यावर बोट ठेवलें. त्यांनीं नुसतें ‘शिका’ म्हणून सांगितलें नाहीं. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. मराठ्यांचें, जैनांचें, मुसलमानांचें, लिंगायतांचें अशीं बोर्डिंगें एकामागून एक निघालीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस् क्लार्क बोर्डिंग निघालें. कुणब्याच्या पोराला शहरांत वार मिळत नव्हता. बोर्डिंग हें त्याचें उत्तर होतें.

याच कोल्हापुरांत कुंभोजचा एक मुलगा जैन बोर्डिंगांत राहून राजाराम हायस्कुलांत शिकत होता. त्याचें नांव भाऊराव पायगोंडा पाटील. मिस् क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास तो गेला, परत आल्यावर विटाळ फेडण्यासाठीं आंघोळ करण्याचें त्यानें नाकारलें, आणि त्यापायीं त्याला आपलें बोर्डिंग सोडावें लागलें. अभ्यासांत तो हुशार नव्हता. त्याला वरच्या वर्गांत घालावें म्हणून खुद्द महाराजांनीं शब्द टाकला, तेव्हां गणिताच्या मास्तरांनीं, एकवेळ तो बसतो त्या बाकाला वरच्या वर्गांत पाठवीन, पण त्याला नाहीं, असा जबाब दिला, अशी गोष्ट सांगतात. मास्तर बाणेदार खरे! भाऊराव म्याट्रिक झाले नाहींत. पण हायस्कुलाच्या परीक्षेंत नापास झालेल्या या माणसानें हायस्कूल कसें असावें याचा धडा साऱ्या महाराष्ट्राला घालून दिला.

१९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें भाऊरावांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. तेथें मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सारीं पोरें एका छपराखालीं राहत, एका पंक्तीला जेवत आणि पाळीपाळीनें स्वयंपाकाचेंहि काम करीत. १९२७ सालीं महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हां त्यांच्या हस्तें या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें. ही पंगत सुखासुखीं चालली नाहीं. कोठींतला दाणा संपला, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले, आणि शेवटीं गळ्यांतलें मंगळसूत्रहि दिलें. ज्या देशांत सवाष्ण बाई मंगळसूत्राला प्राणापलीकडे जपते, तेथें एका बाईनें परक्यांच्या पोरांच्या भाकरीसाठीं तें मोडलें. १९३० सालीं त्या वारल्या. आमच्या मायबहिणींनीं ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

आणि मग १९४० सालीं त्याच साताऱ्यांत दुसरी शाळा निघाली, ती महाराज सयाजीराव हायस्कूल. मोफत आणि निवासी. सयाजीराव महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकऱ्याच्या घरीं जन्मले होते. तेव्हां नांवहि शोभेसेंच पडलें. या शाळेंत मुलगा येई तो उपकाराखालीं दबून नव्हे. कमवा आणि शिका, हा तेथला कायदा. पोरें शेतांत राबत, दगड फोडीत, आणि त्या घामावर शिकत. ज्या हातांना आजवर शाळेनें अडाण्याचे हात म्हणून हिणविलें, त्याच हातांनीं शाळेचा खर्च उचलला. येथें कोणालाहि तरट घरून आणावें लागलें नाहीं.

दोन शाळांतला फरक काय, तो वाचकांनींच पाहावा. पुस्तकें जवळजवळ तींच, गणित तेंच, इंग्रजी तेंच. फरक पडला तो बसण्याच्या जागेचा, भाकरीचा आणि निजण्याच्या छपराचा. पहिल्या शाळेंत एका मुलाला दया मिळाली. दुसऱ्या शाळेंत शेंकडों मुलांना सोय मिळाली. पहिल्या शाळेंतून बाबासाहेबांसारखा पुरुष निघाला, तो शाळेच्या व्यवस्थेमुळें नव्हे, व्यवस्थेला न जुमानतां निघाला. असा पुरुष शतकांतून एखादा. साध्या बुद्धीच्या साध्या पोरानें काय करावें? शाळेची खरी परीक्षा साध्या पोरावर होते.

आणखी एक गोष्ट आम्हां मास्तर मंडळींची. भाऊरावांनीं हायस्कुलाच्याहि आधीं, १९३५ सालीं, साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज काढलें. आधीं खेड्याचा शिक्षक तयार करावा, मग शाळा वाढवावी, हें त्यांचें धोरण. ज्याला चिखलाची वाट ठाऊक आहे, तो मास्तर उशिरां आलेल्या पोराला छडी मारण्याआधीं विचारतो, कीं बाळा, ओढ्याला पाणी होतें काय?

कोणी म्हणेल, मास्तर, ह्या जुन्या गोष्टी झाल्या; आतां गांवोगांव शाळा आहेत, तरट गेलें, विटाळ कायद्यानें बंद झाला. होय, पुष्कळ झालें, तें नाकबूल करणें कृतघ्नपणाचें होईल. पण पुढचा हिशेब पाहा. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. ही हमी आठवीपर्यंत. शाळेंतलें दुपारचें जेवण केंद्राच्या योजनेंत आठवीपर्यंत. सरकारी मोफत पुस्तकेंहि आठवीपर्यंत. म्हणजे नववीच्या पहिल्या दिवशीं पोराच्या हातून हक्क, भाकरी आणि पुस्तक हीं तिन्ही एकदम जातात! बालमजुरीच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला मजुरीवर ठेवण्यास बंदी झाली, पण चौदा वर्षें पुरीं झालीं, कीं धोक्याचीं कामें सोडून बाकी कामांना दार मोकळें. ज्या वयांत शाळेचा हात सुटतो, त्याच वयांत मुकादमाचा हात पुढें येतो. हायस्कुलाची पायरी आजहि तेथेंच आहे. फक्त तिच्यावरचें तरट दिसेनासें झालें आहे.

अनुदानाच्या शाळांतून फी फारशी आड येत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण १९०० सालींहि फी हीच मुख्य अडचण नव्हती, हें वर सांगितलेंच. जाणें-येणें, जेवणें आणि राहणें यांत पोर अडतें. मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही चांगली गोष्ट; पण गाडीच वेळेवर आली नाहीं, किंवा शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभें राहावें लागलें, तर बाप मुलीला घरीं बसवतो. त्या बापाला अडाणी म्हणून काय उपयोग? त्याची भीति खोटी नाहीं. गाडी वेळेवर आणा, नाहींतर मुलींसाठीं वसतिगृह काढा. तो बाप उद्यांच मुलीला पाठवील.

कांहीं शेतकरी बंधु विचारतात, मास्तर, दहावी-बारावी होऊन नोकरी कोठें आहे? मग शिकवून काय उपयोग? त्यांना आमचें उत्तर हें, कीं नोकरी नसेल. पण सातबारा वाचावयाचा आहे, बँकेचा करार वाचावयाचा आहे, औषधाच्या डब्यावरचें विष किती तें वाचावयाचें आहे. जो वाचूं शकत नाहीं, त्याला वाचणारा लुटतो. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें, कीं सरकारचा पैसा रयतेच्या घामांतून येतो आणि विद्या मात्र वरच्या वर्गाच्या घरीं जाते. तो हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाहीं.

तेव्हां करावयाचें काय? सरकारकडे एक मागणी स्पष्ट करावी : हमी आठवीवर थांबवूं नका, अठरा वर्षांपर्यंत न्या, आणि तिच्याबरोबर दुपारची भाकरीहि न्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणांत अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि भाषेनें पोट भरत नाहीं. ग्रामसभेंत हा ठराव आणा. मत मागावयास येणाऱ्याला देवळाच्या सभामंडपाविषयीं विचारतां, त्याआधीं वसतिगृहाविषयीं विचारा.

पण सगळें सरकारवर टाकून आपण मोकळें होऊं नये. भाऊरावांनीं घरोघरच्या मायबहिणींकडून मूठमूठ धान्य जमवून पोरें जगविलीं. आज दहा गांवांनीं मिळून तालुक्याला चार खोल्या घेतल्या आणि सुगीला घरटीं एक पायली ज्वारी दिली, तर वीस-पंचवीस पोरांचें बोर्डिंग चालतें. त्या खोल्यांत जातीची वांटणी करूं नका. एकच चूल ठेवा. तोडीला जाणाऱ्यांनीं पोराला टोळीबरोबर नेऊं नये. आजीपाशीं, नाहींतर हंगामी वसतिगृहांत ठेवावें. आणि आम्हां मास्तर मंडळींनीं आठवीचा दाखला पोराच्या हातीं देऊन हात झटकूं नयेत. नववींत त्याचें नांव पडलें कीं नाहीं, हें पाहूनच तें काम संपलें असें समजावें.

जून तोंडावर येतो तेव्हां बी-बियाण्याची सोय आपण आधीं करून ठेवतों. पाऊस पडल्यावर धांवाधांव करीत नाहीं. शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, पोरांच्या नववीची सोय त्याच बियाण्याबरोबर करा.