गिधाडांची बंदी गोठ्याबाहेरच

गुरांना वेदनाशामक म्हणून टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकवर केंद्र सरकारने २००६ मध्ये बंदी घातली. मृत जनावराच्या मांसातून हे औषध पोटात गेले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. मात्र माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. त्या ३ मिलीपुरत्या मर्यादित व्हायला २०१५ उजाडले. तोवर देशातील पांढऱ्या पाठीची ९९ टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली होती. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरील बंदी तर २०२३ मधली. मेलॉक्सिकॅमचा निर्धोक पर्याय हाताशी असताना झालेली ही दिरंगाई अक्षम्यच. वर्षाकाठी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला एवढी उसंत कोठून मिळणार? गोशाळांना सढळ हाताने देणग्या देणाऱ्या शहरवासीयांनी तेथील आजारी गायीला कोणते इंजेक्शन दिले जाते, एवढे तरी विचारायला हवे.