१९६९ : रेड्डींऐवजी जगजीवनराम असते तर?

१/
२० ऑगस्ट १९६९. राष्ट्रपतिपदाच्या मतमोजणीत सत्ताधारी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पराभूत झाले आणि अपक्ष वराहगिरी वेंकट गिरी निवडून आले. उमेदवार दुसरा असता तर हा पराभव टळला असता का? उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. मात्र तो दुसरा उमेदवार पक्षाने का दिला नाही, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ येत नाही.

२/
३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९६७च्या निवडणुकीत, काँग्रेसने अनेक राज्ये गमावली होती आणि लोकसभेतील तिचे बहुमतही घटले होते. सरकार डळमळल्यास पुढचे निमंत्रण कोणाला द्यायचे, हे राष्ट्रपती ठरवणार होते. त्यामुळे हे पद एकाएकी केवळ शोभेचे राहिले नाही.

३/
पक्षात दोन तट पडले होते. एकीकडे पंतप्रधान इंदिरा गांधी. दुसरीकडे ‘सिंडिकेट’ या नावाने ओळखले जाणारे कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील, अतुल्य घोष हे संघटनेतील मातब्बर. जुलैमध्ये बंगळूर येथे संसदीय मंडळाच्या बैठकीत इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. सिंडिकेटचा कौल रेड्डींना होता.

४/
मतदान झाले आणि रेड्डी चार विरुद्ध दोन मतांनी निवडले गेले. त्या चार मतांपैकी एक यशवंतराव चव्हाणांचे होते. हेच यशवंतराव नोव्हेंबरमध्ये पक्ष फुटला तेव्हा इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले. बंगळूरच्या बहुमताचा पाया किती भुसभुशीत होता, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

५/
पुढच्या घटना वेगाने घडल्या. १६ जुलैला मोरारजी देसाईंचे अर्थखाते काढून घेतले गेले. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. त्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींनीच स्वाक्षरी केली आणि लगेच पदत्याग करून ते रिंगणात उतरले. निजलिंगप्पांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितली. रेड्डींच्या अर्जावर स्वतः सही केलेल्या इंदिरा गांधींना हे निमित्त पुरले. त्यांनी ‘सदसद्विवेकाला स्मरून’ मत देण्याची मुभा मागितली.

६/
आता आकडे. या निवडणुकीत खासदार व आमदार मत देतात. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि जनसंघ-स्वतंत्र यांचे उमेदवार चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. पुढच्या पसंतीची मते मोजून झाल्यावर गिरी ४,२०,०७७ वर, तर रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

७/
फरक १४,६५० चा. गिरींकडचे केवळ तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते, तरी निकाल उलटला असता. इतक्या निसटत्या लढतीत उमेदवाराच्या नावाने फरक पडला नसता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

८/
एक आक्षेप असा घेतला जातो, की देशमुखांच्या उमेदवारीने रेड्डींची मते खाल्ली. आकडे त्याला पुरती साथ देत नाहीत. देशमुख व इतर उमेदवारांचे मिळून १,२१,२७४ मतमूल्य वाटपाला आले. त्यातील ९१,८७९ रेड्डींना मिळाले, १८,५६२ गिरींना. उरलेल्या १०,८३३ वर पुढची पसंतीच नव्हती. ही उरलेली सर्व मते रेड्डींच्या पदरात टाकली, तरी ते ४,१६,२६० वर अडकतात. विरोधकांकडून बरेच मिळाले. कमी पडले ते स्वतःच्या घरातले. काँग्रेसच्याच अनेक खासदार-आमदारांनी गिरींना मत दिले होते.

९/
जगजीवनराम उमेदवार असते तर नेमके हेच घर फुटले नसते. पंतप्रधानांनीच सुचवलेल्या नावाविरुद्ध त्यांना सदसद्विवेकाची हाक देता आली नसती. काँग्रेसच्या मतांवाचून गिरींना विजयाचा मार्गच नव्हता. पक्षाचा उमेदवार बहुधा सहज निवडून आला असता.

१०/
मग सिंडिकेटने हा सोपा विजय का नाकारला? कारण तो तिचा विजय ठरला नसता. तिला निवडणूक जिंकायची होतीच. पण त्याहून अधिक, पंतप्रधानांवर अंकुश ठेवू शकेल असा माणूस राष्ट्रपतिभवनात हवा होता. जो उमेदवार जिंकू शकत होता, तो या हेतूला निरुपयोगी होता. आणि जो या हेतूला उपयोगी होता, तो त्याच कारणामुळे पडला. म्हणून ‘उमेदवार चुकला’ हे निदान अपुरे आहे. चुकला तो हेतू.

११/
दोष व्यक्तीचा नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. १९७७ मध्ये हेच रेड्डी राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडले गेले. माणूस तोच होता, पण या वेळी तो कोणा एका गटाचे हत्यार नव्हता.

१२/
या चुकीची किंमत मात्र पक्षापुरती राहिली नाही. १९६९ हे गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष होते आणि त्या वर्षी एक दलित नेता राष्ट्रपती होऊ शकला असता. तो मान के. आर. नारायणन यांना मिळेपर्यंत १९९७ उजाडले. जगजीवनराम यांचे नाव सुचवण्यात इंदिरा गांधींचेही राजकारण होते, हे खरेच. तरी गेलेली संधी त्यामुळे लहान होत नाही.

१३/
ऑगस्ट १९७९. चरणसिंगांनी राजीनामा दिला, तेव्हा जनता पक्षाचे नेते म्हणून जगजीवनराम सरकार बनवण्याचा दावा करत होते. राष्ट्रपतींनी त्यांना पाचारण न करता २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. ते राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी. बंगळूरच्या बैठकीत एकमेकांसमोर ठेवली गेलेली दोन नावे दहा वर्षांनी अशी पुन्हा समोरासमोर आली. राष्ट्रपतिभवनात कोण बसतो याला महत्त्व आहे, हे सिंडिकेटने अचूक ओळखले होते. त्यासाठी आधी स्वतःच्या घरातील मते राखावी लागतात, एवढेच ती विसरली.