मुकादम कुणाचा माणूस?



दसरा झाला की बीडकडच्या वाड्यावस्त्या ओस पडतात. कापसाचा पहिला वेचा कसाबसा घरात येतो, ज्वारी म्हाताऱ्यांच्या हवाली होते आणि नवराबायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात जातात. जोडपे म्हणजे एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. तिथे माणसे मोजतच नाहीत.

ही हौस नाही. कोरडवाहू शेतीचा हिशेब तोट्यात गेला, म्हणून मुकादमाची उचल घेतली. कागदावर अंगठा घेतला, कागद मुकादमाच्या खिशात. आजारी पडले, खाडा. बाळंत झाली, खाडा. पट्टा पडला की हिशेब होतो आणि बाकी निघते ती आपल्याच अंगावर. मग पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे. कुणी पळाला तर गाडी घेऊन येतात, डांबून ठेवतात. उचल घेतली त्यालाच उचलून न्यायचे!

2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणे गाजली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दुखण्यात खाडा पडू नये म्हणून पिशवीच काढून टाकायची! याला मजुरी म्हणायचे?

1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा सांगतो, उचलीपोटी माणूस अडकवणे गुन्हा आहे आणि अशी बाकी फेडण्याचे बंधन मजुरावर नाही. 1982 साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणाले, किमान मजुरीपेक्षा कमी दाम देऊन राबवणे हीसुद्धा वेठच.

चेअरमन म्हणतात, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. वा! उचलीचा पैसा कुठून येतो? ऊस कुणाच्या काट्यावर चढतो? तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्या बिलातून कापून कोण घेतो? एवढे सगळे कारखान्याचे, तर मुकादम तेवढा आभाळातून पडला काय?

कारखान्याची साखर थंड पेयांच्या बड्या कंपन्या घेतात. 2024 साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात या फडांची लाज छापून आली, तेव्हा त्यांना जाग आली म्हणे. आमचे त्यांना सांगणे आहे, तपासनीस ऑफिसात चहा प्यायला धाडू नका. मुकादम जवळ नसताना त्याला कोपीवर बसवा आणि विचारायला लावा: उचल किती? हिशेबाची चिठ्ठी कुणाकडे? उद्या गावी जातो म्हटले तर जाऊ देतील? पोर शाळेत की मोळ्या बांधायला? उत्तरे ऐकून गुलामी ओळखता येत नसेल तर साखर खरेदीचा धंदा सोडा.

कारखान्याने बाई आणि बुवा यांची नावे वेगवेगळी लिहावीत, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात टाकावेत, मुकादमाचे कमिशन आपल्या तिजोरीतून द्यावे.

आणि आपलेही उघडे करू. पाडव्याला सालगडी ठरवतो, त्याची उचल फिटली नाही म्हणून पुढचे साल धरून ठेवणारे आपल्यातही आहेत. बैठकीत मान खाली घालणारे कोण ते आम्हाला दिसते.

कोयता घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने उचलीचा आकडा, तारीख, मुकादमाचे नाव लिहून एक कागद घरी ठेवावा, एक तालुक्याच्या बैठकीत द्यावा. वेठबिगारीच्या दक्षता समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पट्टा पडायच्या आत हे सगळे कागद घेऊन आपण त्यांच्या दारात बसणार आहोत.